दगड लागला

मी स्वतः सरकारी कचेरीत कारकून आहे. काउंटरच्या आत बसलेला माणूस कशाकशानं वैतागतो, फाइल कशी खाली दबत जाते, आणि "साहेब जेवायला गेलेत" हे वाक्य कधी खरं असतं नि कधी नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा पुढं जे सांगणार आहे ते वाचून कुणी असं म्हणू नये, की या बाईला सरकारी काम कळत नाही. कळतं, म्हणूनच तर तळपायाची आग मस्तकाला गेली.

सगळा राग एका वाक्याचा आहे. माझ्या वडलांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या फौजेतल्या नोंदीत ते वाक्य होतं: दगड लागून दुखापत. बास, एवढंच. झालं होतं असं, की अप्पांची पलटण सरहद्दीवरच्या डोंगरात होती, अप्पा वरच्या चौकीवर होते. समोरून तोफेचे गोळे यायला लागले. एक गोळा जवळच्या खडकावर फुटला, खडकाच्या ठिकऱ्या उडाल्या, आणि त्यातली एक अप्पांच्या डाव्या खुब्यात घुसली. त्यांच्या शेजारचा जवान जागीच गेला. अप्पांना पाठीवर घेऊन दोघांनी खाली उतरवलं. आणि या सगळ्याचं फौजेच्या दप्तरात काय झालं, तर दगड लागून दुखापत. जसं काही हा माणूस बाजाराला चालला होता नि वाटेत ठेच लागली.

शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्या जवानाला फौजेत एक पदक देतात. ठेच लागलेल्याला देत नाहीत, देऊही नये. त्यामुळं अप्पांच्या नावापुढं ते पदक कधी चढलं नाही. पुढची नोकरी त्यांनी खालच्या ठाण्यावर लंगडत काढली, लंगडत घरी आले आणि लंगडतच आम्हाला वाढवलं. आता सत्तरी उलटली तरी रोज सकाळी मुकुंदवाडीच्या स्टेशनापर्यंत चालत जातात, फलाटावरच्या बाकावर खुबा शेकत उन्हात बसतात आणि परत येतात.

ही चूक झाली कशी, तर आमच्या बोलण्यामुळं झाली. अप्पा पैठणकडच्या एका खेड्यातले, घरी पिढ्यान् पिढ्या मेंढरं. भरती झाले तेव्हा हिंदी येत नव्हती, जी आली ती कवायत शिकवणाऱ्या उस्तादाच्या शिव्या खात आली. खाली दवाखान्याच्या तंबूत कुणीतरी कागद घेऊन आला आणि विचारलं, "क्या लगा?" अप्पा म्हणाले, "पत्थर लगा, साब." यात खोटं काय? आमच्याकडं अंगाला जे येऊन लागतं त्याचंच नाव घेतात. वावटळीत लिंबाची फांदी मोडून कुणाचं डोकं फुटलं तर तो म्हणतो, फांदी लागली. वावटळ लागली असं कुणी म्हणत नाही. मग ऐकणारा विचारतो, आरं, कशानं मोडली? तेव्हा तो वावटळीचं सांगतो. बोलणं असं दोघांनी मिळून पुरं करायचं असतं. तंबूतल्या माणसानं पुढचं विचारलंच नाही. अर्धं बोलणं लिहून घेतलं नि गेला, आणि त्या अर्ध्या बोलण्यावर अप्पांचा उरलेला जन्म निघाला.

इथपर्यंत असतं तरी अप्पांनी सोसलं असतं. फौजेनं काय लिहिलं याचं त्यांना फारसं सुखदुःख नव्हतं. दुखलं ते दुसरीकडं.

अप्पांना एक थोरले भाऊ आहेत. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणतो. अप्पा भरतीला पळून गेले तेव्हा घरी सांगून गेले नव्हते. सगळा कळप एकट्या मोठ्या बाबांच्या गळ्यात पडला. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन गोदाकाठानं रानोमाळ हिंडायचं, ते त्यांनी एकट्यानं केलं. हा राग त्यांच्या पोटात राहिला. त्या दिवसापासून त्यांनी अप्पांना कधी नावानं हाक मारली नाही की भाऊ म्हटलं नाही. "फौजी" म्हणायचे. तेही असं लांबवून, की ऐकणाऱ्याला हसू यावं. अप्पा सुट्टीवर आले की विचारायचे, "काय फौजी, कवा आलात?"

मी शाळेत असतानाची गोष्ट. गावात चुलतबहिणीचं लग्न होतं. जेवणाच्या पंगती उठल्यावर गडीमाणसं मांडवात बसली होती. कुणीतरी अप्पांच्या लंगड्या पायाची चौकशी केली, लढाईत लागलं का म्हणून. अप्पांनी तोंड उघडायच्या आत मोठे बाबा म्हणाले, "लढाईत कसलं लागतंय. दगड लागला त्याला. सरकारनंच घरी तसं लिहून धाडलंय. मेंढरामागं असता तरी दगड लागलाच असता, रेल्वेचं भाडं तरी वाचलं असतं." मांडव हसला. अप्पाही हसले. मी त्यांच्या मांडीला टेकून बसले होते, त्यांची मांडी दगडासारखी घट्ट झालेली मला जाणवली. पुढं गावात ती म्हणच पडून गेली. कुणाला ठेच लागली, की "फौजीसारखा दगड लागला" म्हणायचे. अप्पांनी सुट्टीत गावाला जाणं कमी केलं, निवृत्तीनंतर तर शहरातच घर केलं.

आता अलीकडचं सांगते. आमच्या कॉलनीत एका पंधरा ऑगस्टला झेंडा फडकवायला अप्पांना बोलावलं. मी कोट इस्त्री केला, पदकं ब्रासोनं घासली. कॉलनीत आणखी एक निवृत्त सुभेदार राहायला आले होते. त्यांनी अप्पांच्या छातीकडं नीट निरखून बघितलं, मग पायाकडं बघितलं, आणि विचारलं, "हवालदारसाहेब, जखमेचं पदक लावलं नाहीत? आणि उंच पहाडातल्या ड्युटीचं?" अप्पा म्हणाले, "नाय दिलं." सुभेदार म्हणाले, "दिलं नाय म्हणजे? तुमचा हक्क आहे. नोंद दुरुस्त करून घ्या."

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. म्हटलं, अप्पा, करायची का दुरुस्ती? मला वाटलं होतं, नको म्हणतील. त्यांनी भाकरी मोडली आणि विषय मोठ्या बाबांवर नेला. म्हणाले, "दादाला दमा लई वाढलाय म्हणं. त्याच्या कानावर पडाया पायजे, बाई. सरकारचाच कागद पायजे. माझं तोंडी सांगणं त्यानं कवा मानलं नाय." मग विचारलं, "तो हाये तवर व्हईल का?"

मी म्हणाले, होईल. मी कारकून आहे ना, मला वाटलं, अर्ज कसा करायचा ते आपल्याला येतं.

मी केलेला पहिला अर्ज परत आला. कारण काय, तर पत्त्यात जिल्ह्याचं नाव त्यांच्या नोंदीतल्या नावाशी जुळत नाही. आमच्या आधार कार्डावर आता छत्रपती संभाजीनगर आहे. अप्पांना फौजेतून निघताना मिळालेल्या नोंदीच्या पुस्तकात औरंगाबाद आहे, कारण ते भरती झाले तेव्हा तेच होतं. त्यात माणसानं काय करायचं? शहराचं नाव आमच्या अप्पांनी बदललं का? फोनवरच्या माणसाला मी हे विचारलं, तर तो म्हणतो, "मॅडम, दोन्ही जिल्हे एकच आहेत असं शपथपत्र जोडा." मी कोर्टाबाहेरच्या वकिलाकडं गेले आणि लिहून दिलं, की हे शहर तेच शहर आहे. वकील टाइप करताना हसत होता. मला हसू आलं नाही.

त्या कचेरीचं नाव मी घेत नाही. घेतलं तरी काही फरक पडणार नाही, कारण तिथली तऱ्हा सगळीकडं आहे. जो भेटेल तो पहिला प्रश्न एकच विचारायचा: यात पैसे किती मिळणार? नातेवाइकांनी विचारलं, माझ्या ऑफिसातल्या बायकांनी विचारलं, फोनवरच्या बाबूनंही विचारलं, पेन्शनची केस आहे का म्हणून. मी म्हणायचे, एक रुपया मिळणार नाही. एवढं म्हटलं, की समोरच्याचा चेहराच पडायचा. मग ते समजावायला लागायचे, जाऊ द्या ना ताई, आता या वयात काय करायचं पदकाचं. या वयात. अहो, ऐन वयात दिलं असतं तर या वयात मागायची वेळ आली असती का?

बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. उंच पहाडातल्या ड्युटीचं पदक मान्य केलं होतं, नोंदीत चढवलंही होतं. एका ओळीत काम झालं होतं. जे काम एका ओळीत होत होतं ते इतकी वर्षं का झालं नव्हतं, याचं काही कारण त्यात दिलेलं नव्हतं. आणि दुसऱ्या पदकाबद्दल लिहिलं होतं, की अभिलेखानुसार सदर दुखापत दगड लागून झालेली असून ती शत्रूच्या कारवाईत झालेली नाही, सबब पात्र नाही. मी माझ्या अर्जात दोन पानं भरून लिहिलं होतं, गोळा कुठं फुटला, दगड कुठून आला, शेजारी कोण गेला. त्यातला एक शब्द कुणी वाचलेला दिसत नव्हता. माझंच वाक्य मला परत धाडलं होतं, त्यातला गोळा काढून.

मी अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बराबर हाये. दगडच लागला."

मला इतका संताप आला, की मी ताडकन उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी आपटली. परत येऊन म्हणाले, "अप्पा, तुम्ही गोळ्याचा तुकडा लागला असं म्हणत का नाही? एवढं एक वाक्य. मी शपथपत्र करते, तुम्ही सही करा. सगळे तसंच करतात." एका ओळखीच्या माणसानं तसा मजकूरही आयता लिहून दिला होता. लोखंडाचा तुकडा खुब्यात शिरला, असा.

अप्पा म्हणाले, "लोखंड माझ्या जोडीदाराला लागलं. तो मेला. मी जित्ता हाये."

"मग?"

"मंग काय? त्याचं लोखंड मी माझ्या अंगावर कसं घिऊ? मला जे लागलं तेच मी सांगनार."

म्हणजे बघा. ज्या खरेपणानं त्यांचा घात केला तोच खरेपणा पुन्हा समोर. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. चहा ठेवायचा नि निघून जायचं. त्यांनाही समजत होतं, पण ते काही हलले नाहीत. या घरात मला दोन दगड मिळाले, एक खुब्यातला आणि एक खुर्चीत बसलेला, असं मी ऑफिसात मैत्रिणीला म्हणाले. ती हसली. तिच्याबरोबर हसताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, कारण राग अप्पांवर नव्हताच.

इकडं गावाकडून फोन यायचे. मोठ्या बाबांचा दमा वाढला होता. शहरात दवाखान्यात चला म्हटलं तर ऐकत नव्हते, शेरडंमेंढरं कोण बघंल म्हणायचे. आता कळप कुठला, मोजकी मेंढरं राहिली होती आणि तीही त्यांची सूनच सांभाळायची. अप्पा रविवारी त्यांना फोन लावायचे. दोघांना एकमेकांशी बोलायला काही नसायचं. "काय फौजी." "काय नाय दादा." "ऊन लई हाये." "व्हय." आणि मग पलीकडून नुसती खोकल्याची उबळ ऐकू यायची. अप्पा फोन कानाला धरून ती संपेपर्यंत थांबायचे. फोन ठेवला की माझ्याकडं बघायचे. विचारायचे काही नाहीत. मी नजर चुकवायचे.

मग छावणीच्या बाजूला मैदानावर माजी सैनिकांचा मेळावा भरला. ज्यांच्या नोंदीची काही तक्रार आहे त्यांनी कागद घेऊन यावं, बाहेरून अधिकारी येणार आहेत, असं कळलं. मी रजा टाकली. अप्पांनी कोट घातला. मांडवात टेबलं लावली होती, प्रत्येक टेबलासमोर लंगडे, वाकलेले, कानाला यंत्र लावलेले म्हातारे आणि मागं त्यांच्या लेकीसुना. आमचा नंबर लागेतो ऊन चढलं. अप्पांना बसायला खुर्ची मागितली तर स्वयंसेवक म्हणाला, खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत. मी त्याला म्हटलं, मग हे कोण आहेत रे बाबा? ज्यांच्या नावानं हा मांडव घातलाय त्यांना तू उभं ठेवतोस? तो गेला आणि खुर्ची घेऊन आला.

टेबलामागं एक तरुण अधिकारी बसला होता. कपडे कडक, बोलणं मऊ. त्यानं फाइल उघडली, ते एक वाक्य वाचलं, माझा अर्ज बाजूला सारला. अप्पांकडं बघून म्हणाला, "पत्थर लगा था आपको?"

"जी साब."

त्यानं पेनाचं टोपण काढलं, घातलं. "पत्थर किसका था? अपना या उनका?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नसेल. दगड कुणाचा होता? दगडाला काय कुणाचा छाप असतो? माझ्या तोंडात जे आलं होतं ते बाहेर पडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. पण अप्पा बोलले. खुर्चीतून उठले, सावधान उभे राहिले, आणि अगदी सरळपणानं, त्यात टोमणा नाही की काही नाही, नुसता विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून म्हणाले, "अपना था साब. उसी के वास्ते तो ऊपर बैठे थे."

त्या अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. त्याची मान खाली गेली. मला त्याचा राग आला होता तो तसाच राहिला, पण त्याला लाज वाटली हे मी बघितलं, ते नाकारत नाही.

त्याच्या शेजारी एक पिकल्या मिशांचा सुभेदारमेजर बसला होता, इतका वेळ दुसऱ्याच कुणाचे कागद चाळत होता. तो आता पुढं वाकला. त्यानं अप्पांना विचारलं, "पत्थर फोड़ा किसने?"

"गोले ने, साब."

"गोला किसका?"

"उनका."

"तो पहले क्यों नहीं बताया?"

"किसी ने पूछा नहीं, साब."

मी मधे पडले. म्हटलं, विचारलं नाही कसं, मी प्रत्येक अर्जात लिहिलंय. सुभेदारमेजर म्हणाला, "बेटा, तुम्हारा लिखा घर का लिखा है, सबूत नहीं." आणि त्यानं स्वतःच्या हातानं फाइलवर लिहिलं, की त्या तारखेचा पलटणीचा रोजचा अहवाल काढून बघावा, चौकीवर मारा झाला होता का. बस्स. एवढंच करायचं होतं. त्या तारखेचा अहवाल बघायचा. तंबूतल्या माणसानं जो प्रश्न गिळला होता तो इतक्या वर्षांनी एका माणसानं विचारला, आणि विचारायला त्याला घोटभर चहा प्यावा इतकाही वेळ लागला नाही.

अहवालात सगळं होतं. हे मला नंतर आलेल्या पत्रावरून कळलं. त्या दिवशी चौकीवर तोफांचा मारा झाला, एक जवान शहीद, एक जखमी. जखमी म्हणजे अप्पा. आणि दवाखान्याच्या कागदावर त्याच दिवशी, त्याच चौकीवर, त्याच जवानाला दगड लागून दुखापत. दोन्ही कागद एकाच कचेरीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघावेत असं आजवर कुणाला सुचलं नाही. आमचा पहिला अर्ज गेला तेव्हाही नाही. आम्हाला मात्र शहराच्या नावाचं शपथपत्र मागितलं.

पत्र यायला मेळाव्यानंतरही पुष्कळ दिवस लागले. मी फोन करायचे, "प्रक्रिया चालू आहे" असं उत्तर मिळायचं. मी फोनवरच्या बाईला एकदा म्हणाले, तुमची प्रक्रिया चालू आहे तसा एका म्हाताऱ्याचा श्वासही चालू आहे, पण तो किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. ती म्हणाली, मॅडम, मला काय सांगता. तिचंही खरं होतं. मीही काउंटरमागं बसून हेच म्हणते.

शेवटी पत्र आलं. नोंद दुरुस्त केली होती. पुस्तकाचं नवं पान जोडलं होतं. त्यात लिहिलं होतं, की शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात खडक फुटून त्याचा तुकडा लागल्यानं जखमी, आणि पुढं पदकाचं नाव. मी ते उभ्या उभ्या वाचलं. मग खाली एक छोटी टीप होती ती वाचली. सदर पदक सध्या साठ्यात उपलब्ध नाही, माजी सैनिकानं मान्यताप्राप्त दुकानातून त्याची प्रतिकृती विकत घेऊन वापरण्यास या कार्यालयाची हरकत नाही.

हरकत नाही. म्हणजे उपकारच. इतकी वर्षं नाही म्हणायचं, आणि हो म्हणायची वेळ आली की सांगायचं, जा, बाजारातून आण. मी अप्पांना म्हटलं, मी आत्ता चौकातल्या फौजी सामानाच्या दुकानातून आणते, निदान गावाला जाताना लावून तरी जाल. त्यांनी मान हलवली. "इकत घेतलेलं नगं," ते म्हणाले. "कागद हाये न्हवं. चल दादाकडं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही एसटीनं निघालो. पैठणच्या स्टँडवर गाडी बदलली. अप्पांनी कोट घातला होता, पत्र आतल्या खिशात, आणि खिसा बाहेरून हातानं दाबलेला. गावात उतरल्यावर ते माझ्या पुढं चालायला लागले. लंगडणारा माणूस इतका भराभर चालू शकतो हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

मोठे बाबा मेंढरांच्या वाडग्यापाशी पत्र्याच्या सावलीत बाजेवर पडून होते. पायांवर घोंगडी. अंगाची नुसती हाडं राहिली होती. आम्हाला बघून म्हणाले, "काय फौजी. पोरीला पन आणलंत." अप्पांनी पत्र काढलं नि माझ्या हातात दिलं. मी बाजेच्या कडेला बसून वाचायला लागले. मोठ्या बाबांनी हात वर केला. "हे कायतरी साहेबाच्या बोलीतलं नगं वाचू. आपल्या बोलीत सांग."

मग मी त्यांच्या बोलीत सांगितलं. दुश्मनाच्या तोफांचा मारा चालू होता. गोळा खडकावर फुटला. खडकाचा तुकडा उडून अप्पांच्या खुब्यात शिरला. लढाईतली जखम हाये असं सरकारनं लिहून दिलंय आणि त्यासाठी पदक दिलंय.

मोठ्या बाबांनी घोंगडी वर ओढली. छातीतनं घरघर ऐकू येत होती. मग म्हणाले, "म्हंजी दगडच की."

मला असं झालं, की तो कागद तिथंच फाडून टाकावा. एवढे अर्ज, एवढ्या खेपा, हा सत्तरी उलटलेला माणूस उन्हात उभा राहिला, एसटीत उभा राहिला, कशासाठी? हे ऐकायसाठी? मी बोलणार, एवढ्यात अप्पा म्हणाले, "व्हय दादा. दगडच."

मोठ्या बाबांनी मान वळवून त्यांच्या कोटाकडं बघितलं. "मंग ते पदक कुठंय?"

अप्पा खाली बघायला लागले. मीच सांगितलं, की त्यांच्याकडं शिल्लक नाही, दुकानातून विकत घ्या म्हणतात.

"कुठून?"

"दुकानातून, मोठे बाबा. बाजारातून."

त्यांनी घोंगडी बाजूला ढकलली. एका हातानं बाज धरून उठून बसले. खोकल्याची उबळ आली ती त्यांनी दाबली, तोंड लाल झालं. "माझ्या भावाला दगड लागला," ते म्हणाले, "तो काय त्यानं दुकानातून इकत आणला व्हता व्हय?" आणि सुनेला हाक मारून म्हणाले, "माझी काठी आण गं. कुठंय ते हापिस, दाव मला."

त्यांना धड उभंही राहता येत नव्हतं. अप्पांनी दोन्ही खांद्यांना धरून त्यांना खाली बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि त्यांची पाठ चोळत राहिले. माझ्या भावाला, असं मी त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं. अप्पांनीही भरतीला गेल्यापासून पहिल्यांदाच ऐकलं असणार. "बस दादा, बस," अप्पा म्हणत होते. "मिळालं मला. मिळालं."

अप्पांना मिळालं असेल. मला मिळालेलं नाही. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी पदकासाठी पुढचा अर्ज लिहायला घेतला. विषय, संदर्भ, सगळं रीतसर लिहिलं. आणि मजकुराच्या पहिल्याच ओळीत मोठे बाबा दगड नि दुकानाचं जे बोलले होते ते, एक अक्षर न सुधारता, त्यांच्याच बोलीत घातलं.